८९ प्रश्नांची नागपुरी यादी आणि लंडनचा लॅपटॉप

आजचा भाग एका मुलाखतीबद्दल आहे. नोकरीची किंवा पुढाऱ्याची मुलाखत नव्हे, एका आईची. मूल अडीच-तीन वर्षांचं झालंय, नाव घेतलं तरी वळून बघत नाही, बोलणं सुरू झालेलं नाही किंवा सुरू होऊन थांबलंय, पंख्याकडे बघत तासभर बसतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, एकदा दाखवून तर घ्या. मग दवाखान्यात समोर बसलेलं माणूस आईला प्रश्न विचारायला लागतं. ते प्रश्न कुठून आले, ते ठरवले कुणी, आणि त्यात कॉम्प्युटर कधी शिरला, हा आजचा इतिहास. (नेहमीप्रमाणे हा बोललेल्या भागाचाच लेखी मजकूर आहे, थोडा झाडून-पुसून.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान रक्त तपासून होत नाही. एमआरआय काढून ‘हा बघा ऑटिझम’ असं दाखवता येत नाही. आधार दोनच: मुलाकडे नीट बघणं, आणि मुलाला रोज बघणाऱ्यांना नीट विचारणं. दुसरी गोष्ट ऐकायला सोपी वाटते. पण एकाच आईला दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या तऱ्हेनं विचारलं तर दोन वेगळी मुलं समोर येतात. म्हणून प्रश्नांना साचा हवा, क्रम हवा, उत्तर कसं नोंदवायचं याचे नियम हवेत. मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर, दिवसभर लोकांसाठी फॉर्म बनवतो, त्यामुळे ‘साचा, क्रम, नियम’ हे शब्द दिसले की माझे कान टवकारतात. पण या इतिहासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कॉम्प्युटर यायच्या खूप आधीची आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा आमच्या काटोलपासून साठेक किलोमीटरवर, नागपुरात घडला.

सुरुवात अमेरिकेतून. न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड नावाचं गाव आहे. तिथल्या विशेष मुलांच्या शाळेत एडगर डॉल नावाचे मानसशास्त्रज्ञ संशोधन करायचे. त्यांचं म्हणणं असं, की बुद्ध्यांकाच्या आकड्यावरून मूल रोजच्या जगण्यात काय करतं ते कळत नाही. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी ‘व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल’ काढली. एकूण ११७ बाबी. स्वतः खातं का, कपडे घालतं का, शेजारी एकटं जातं का, अशा. आणि हे मुलाला करायला लावायचं नाही, मुलाला ओळखणाऱ्या माणसाकडून गप्पांतून काढून घ्यायचं. मूल एखादी गोष्ट ‘करू शकतं का’ यापेक्षा ‘नेहमी करतं का’ हे डॉल यांना हवं होतं. आईला थेट ‘हो की नाही’ विचारलं की ती मुलाच्या बाजूनं बोलणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आई आहे ती, बोलणारच.

आता उत्तर नोंदवायची पद्धत बघा. हो आणि नाही यांच्याशिवाय तिथे आणखी खुणा होत्या. ‘अर्धवट जमतं’ याची एक. ‘पूर्वी करायचा, आता करत नाही’ याची एक. आणि ‘संधीच मिळालेली नाही’ याची एक. शेवटच्या दोन खुणांपाशी मी बराच वेळ थांबलो. आज आपण मोबाइलवर जे फॉर्म भरतो त्यातल्या बहुतेकांत हो आणि नाही एवढीच दोन गोल बटणं असतात. जिना नसलेल्या घरातल्या मुलाला ‘जिना चढतो का’ विचारलं तर काय दाबायचं? ‘नाही’ दाबलं की मूल मागे पडलं. १९३५ सालच्या कागदी फॉर्मला हा फरक कळत होता.

हे स्केल भारतात आलं ते नागपूरमार्गे. नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमधले मानसशास्त्रज्ञ ए. जे. मालिन यांनी १९६० च्या दशकात त्याचं भारतीय रूप तयार केलं. देशभरातल्या विशेष शाळांत आणि दवाखान्यांत आजही ‘व्हीएसएमएस, नागपूर अ‍ॅडाप्टेशन’ असं म्हणतात ते हेच. ११७ बाबींच्या जागी ८९, वय शून्य ते पंधरा वर्षं, आठ विभाग: स्वतःची सर्वसाधारण कामं, खाणं, कपडे, स्वतःचे निर्णय, हातातलं काम, संवाद, हिंडणं-फिरणं आणि लोकांत मिसळणं. बेरजेवरून ‘सामाजिक वय’ काढायचं, त्याला खऱ्या वयानं भागायचं, शंभरानं गुणायचं. हाती आला तो सामाजिक गुणांक. याच मालिन यांची मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी १९६९ ची, ‘मिसिक’ या नावानं तीही देशभर वापरली गेली. नागपूर म्हटलं की लोक संत्री आणि झिरो माइल सांगतात. मानसशास्त्राच्या वर्गात मात्र दिल्ली-चेन्नईतली मुलंसुद्धा ‘नागपूर’ हा शब्द या यादीमुळे लिहितात, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

परक्या यादीला इथलं करणं म्हणजे नुसतं भाषांतर नव्हे. डॉल यांच्या मूळ यादीत स्केट, स्लेज आणि छोटी ढकलगाडी वापरता येण्याची बाब होती. स्लेज म्हणजे बर्फावरची घसरगाडी. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत हा प्रश्न विचारून बघा. मालिन यांच्याही आधी, १९३० च्या दशकात, धारवाडला व्ही. व्ही. कामत यांना हाच प्रश्न पडला होता. बिने यांची फ्रेंच बुद्धिमापन चाचणी त्यांनी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली. ती आजही ‘बिने-कामत’ म्हणून चालते. म्हणजे आपल्या भागात या कामाची परंपरा नव्वद वर्षांची आहे. यादी बाहेरून येते, आणि तिच्यातला प्रत्येक प्रश्न इथल्या घराच्या उंबऱ्यावर उभा करून बघणारं कुणीतरी लागतं.

बरं, यात अजून ऑटिझम कुठेच आलेला नाही. त्याचा धागा वेगळा आहे.

१९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन छापलं आणि ऑटिझमला स्वतंत्र ओळख दिली. त्यातल्या पहिल्या मुलाच्या वडिलांनी कॅनर यांना आधीच एक पत्र पाठवलं होतं, टाइप केलेलं, ३३ पानी. मुलगा काय खातो, काय पुटपुटतो, कुठली वस्तू गोल फिरवत बसतो, सगळं. म्हणजे ऑटिझमच्या इतिहासातली पहिली ‘मुलाखत’ कुणी घेतलीच नव्हती. ती एका बापानं आपणहून दिली होती, कसल्याही साच्याशिवाय. वडील शिकलेले वकील होते, घरी टाइप करून घ्यायची सोय होती. हे ज्यांना जमणार नाही त्यांचं काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

पुढची वीसेक वर्षं प्रत्येक डॉक्टर आपापल्या पद्धतीनं विचारत राहिला. हा गोंधळ फक्त ऑटिझमचा नव्हता, सगळ्या मानसोपचाराचाच होता. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना स्किझोफ्रेनिया जास्त दिसायचा, लंडनच्या डॉक्टरांना कमी. दोन्ही शहरांतल्या रुग्णांना एकच ठरावीक मुलाखत लावून बघितली तेव्हा हा फरक बराचसा विरघळला. फरक रुग्णांत कमी आणि विचारणाऱ्यांत जास्त होता.

इथे कॉम्प्युटर येतो. १९६८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट स्पिट्झर आणि जीन एंडिकॉट यांनी ‘डायग्नो’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. मुलाखतीतले गुण त्याच्यात भरायचे आणि तो पायरी-पायरीनं पर्याय गाळत निदानावर यायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर जर-तरची लांबलचक साखळी. लंडनमध्ये जॉन विंग यांनी ‘प्रेझेंट स्टेट एक्झामिनेशन’ ही मुलाखत आणि तिच्यासाठी ‘कॅटेगो’ हा प्रोग्रॅम तयार केला. जागतिक आरोग्य संघटनेनं स्किझोफ्रेनियाचा नऊ देशांत जो मोठा अभ्यास केला त्यात हीच जोडी वापरली, आणि त्या नऊ केंद्रांत आपलं आग्रा होतं. आग्र्याच्या रुग्णाशी डॉक्टर हिंदीत बोलले, उत्तरांचे आकडे झाले आणि त्या आकड्यांवर परदेशातल्या यंत्रानं नियम चालवले. कामाची वाटणी लक्षात ठेवा: विचारायचं माणसानं, ठरवायचं यंत्रानं.

जॉन विंग यांच्या पत्नी लोर्ना विंग. त्याही मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्यांची मुलगी सूझी स्वमग्न होती. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये पालकांनी जी ऑटिझमची संस्था उभी केली तिच्या संस्थापकांत त्या होत्या. एकाच घरात नवरा मोठ्यांच्या आजारांसाठी मुलाखत आणि प्रोग्रॅम रचतोय, आणि बायको मुलांसाठी पालकांची मुलाखत रचतेय. लोर्ना विंग आणि ज्युडिथ गुल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातली पंधरा वर्षांखालची ३५,००० मुलांची लोकसंख्या घेतली, त्यातली अडचणीची मुलं शोधली आणि त्यांच्या घरच्यांशी साच्यातली पण सविस्तर मुलाखत केली. १९७९ चा त्यांचा निष्कर्ष असा, की कॅनर यांच्या वर्णनात चपखल बसणारी मुलं थोडी आहेत. पण मिसळणं, संवाद आणि कल्पनाशक्ती या तिन्हींत अडचण असलेली मुलं त्याच्या कितीतरी पट आहेत. आज आपण ज्याला ‘स्पेक्ट्रम’ म्हणतो त्या विचाराचा पाया हा. तो सापडला, कारण प्रश्नांची जाळी रुंद होती. अरुंद यादी घेऊन गेल्या असत्या तर कॅनरचीच मुलं मोजून परत आल्या असत्या.

१९८९ मध्ये ‘एडीआय’ ही खास ऑटिझमची मुलाखत आली आणि १९९४ मध्ये तिची सुधारलेली ‘एडीआय-आर’. कॅथरीन लॉर्ड, मायकेल रटर आणि अ‍ॅन ल कूतर यांचं काम. ९३ बाबी, दीड ते अडीच तास. या मुलाखतीत गुण आई ठरवत नाही, विचारणारा ठरवतो. त्यासाठी तो उदाहरण मागतो. हे नीट कळावं म्हणून एक मनातलं संभाषण सांगतो, काटोलच्या बोलीत:

‘नाव घेऊन बलावलं त पायते का थो?’

‘पायते नं.’

साधा फॉर्म असता तर इथे ‘हो’वर टिचकी मारून पुढे गेलो असतो. एडीआयची पद्धत म्हणते, थांबा.

‘काल कवा बलावलं होतं? काय करत होता तवा?’

‘काल… टीव्ही चालू होता. चार-पाच डाव बलावलं, नाई पाह्यलं. मंग बिस्किटाचा पुडा वाजवला त पाह्यलं.’

बघा, ‘हो’ होता तो ‘नाही’ झाला. आई खोटं बोलली नव्हती. मुलगा पुड्याच्या आवाजाला वळतो, नावाला वळत नाही, हा फरक तिला कुणी विचारलाच नव्हता. अशा उत्तरांना मग शून्य ते तीन असे गुण द्यायचे. काही बाबतींत मूल आत्ता कसं आहे यापेक्षा चार ते पाच वर्षांच्या वयात कसं होतं ते विचारायचं. हे सगळं करायला प्रशिक्षण लागतं आणि पुस्तिका विकत घ्याव्या लागतात. एडीआय-आर ही दर्जेदार गोष्ट आहे यात शंका नाही, पण ती तालुक्याच्या गावात पोचेल अशा रचनेची नाही.

२००४ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थमधून डेव्हिड स्क्यूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘थ्री-डीआय’ जाहीर केली. आजच्या शीर्षकातला लॅपटॉप तो हा. मुलाखत सुरुवातीपासूनच कॉम्प्युटरवर चालवायची म्हणून रचलेली. सातशेहून जास्त प्रश्न साठवलेले, त्यातले ऑटिझमचे अडीचशेच्या पुढे, बाकीचे घरची माहिती, वाढीचा इतिहास आणि इतर अडचणींचे. पडद्यावर प्रश्न येतो, मुलाखत घेणारा तो वाचतो, उत्तर टिपतो आणि त्यावरून पुढचा प्रश्न ठरतो. मूल बोलतच नसेल तर वाक्यरचनेचे प्रश्न येतच नाहीत. मुलाखत संपली की अहवाल तयार.

प्रोग्रॅमर म्हणून सांगतो, यातलं तांत्रिक काम २००४ मध्येही अवघड नव्हतं. प्रश्नांची फांदी-फांदी रचना कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचं पोरगं लिहील. अवघड होतं ते वेगळं. एडीआयमध्ये ‘आणखी काय विचारायचं’ हे अनुभवी माणसाच्या डोक्यात असतं. थ्री-डीआयनं त्यातलं जमेल तेवढं बाहेर काढून प्रश्नांतच लिहून टाकलं, म्हणजे कमी अनुभवाचा माणूसही क्रम चुकणार नाही. फायदा उघड आहे: काही सुटत नाही, बेरीज चुकत नाही, वेळ वाचतो. तोटाही आहे. प्रश्न जितका बांधीव, तितका ‘बिस्किटाचा पुडा’ सापडण्याची शक्यता कमी. तिच्या नावातला एक ‘डी’ डायमेन्शनचा आहे. तो मला महत्त्वाचा वाटतो. ‘आहे की नाही’ एवढ्यावर न थांबता प्रत्येक बाजू किती, हे वेगवेगळं दाखवायचं. मुलाचं एकाच आकड्यात माप काढायचं नाही.

आता परत आपल्याकडे, कारण आपल्याकडे नेमका त्या एका आकड्यानं घोळ घातला.

अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा केंद्राचा कायदा सात प्रकारची अपंगत्वं मानायचा. त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला, पण सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुख्य वाट १९९५ च्या कायद्यातूनच जायची. मग स्वमग्न मुलाच्या आई-वडिलांनी काय करायचं? अनेकांनी केलं ते असं: मूल ‘मतिमंद’ या रकान्यात बसवून घेतलं. तेव्हा सरकारी कागदावर हाच शब्द होता, आज तो कुणी वापरू नये. त्या रकान्यात बसायचं तर बुद्ध्यांक हवा, आणि सोबत बहुतेक ठिकाणी तीच आपली नागपुरी ८९ प्रश्नांची यादी.

ही यादी वाईट नाही, पण ती ज्या कामाची आहे त्याच कामाची आहे. समजा सहा वर्षांचा मुलगा आहे. स्वतः जेवतो, शर्टाची बटणं लावतो, मोबाइल उघडून हवा तो व्हिडिओ काढतो, इंग्रजी अक्षरं ओळखतो. पण आई रडत असली तरी बघत नाही, आणि दुसऱ्या मुलांत जात नाही. आठ विभागांची बेरीज केली की जेवणं आणि बटणं बाकीच्या खड्ड्यात भरली जातात आणि गुणांक बरा येतो. असं मूल ‘मतिमंद’ ठरत नव्हतं आणि ऑटिझमचा रकाना नव्हता, म्हणजे कागदावर त्याला काहीच नव्हतं. उलट ज्याची बुद्धी शाबूत आहे पण बोलत नाही, चाचणीला बसत नाही, ते पोर ‘तीव्र’ ठरायचं. मूल कोण आहे हे त्या काळात हाताशी असलेल्या यादीनं ठरवलं.

२००९ मध्ये सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं, जिला तेव्हा ‘एनआयएमएच’ म्हणायचे, ऑटिझमसाठी खास भारतीय मोजपट्टी काढली: ‘आयएसएए’. ४० बाबी, सहा विभाग, प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण, म्हणजे बेरीज ४० ते २००. सत्तरच्या खाली ऑटिझम नाही. एक ते पाच कसे द्यायचे? वागणं किती टक्के वेळा दिसतं त्यावर. वीस टक्क्यांपर्यंत एक, एकवीस ते चाळीस दोन, असं चढत जायचं. आता मला सांगा, आपल्याकडे कुठली आई टक्क्यांत बोलते? ‘कवा कवा’, ‘लय डाव’, ‘पायजे तवा’ असं बोलते. त्या ‘लय डाव’चे साठ टक्के की ऐंशी, हे विचारणाऱ्यानं ठरवायचं. मुलाकडे स्वतः बघून आणि उदाहरणं काढून ठरवलं तर ठीक, नाहीतर अंदाजपंचे.

आणि त्या अंदाजावर बरंच काही अवलंबून आहे. एप्रिल २०१६ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून आयएसएएच्या गुणांवरून अपंगत्वाची टक्केवारी ठरवली. ७० गुण म्हणजे ४० टक्के. ७१ ते ८८ म्हणजे ५०. ८९ ते १०५ म्हणजे ६०. असं करत १५८ च्या वर १०० टक्के. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवा दिव्यांग हक्क कायदा आला, सातची एकवीस अपंगत्वं झाली आणि ऑटिझम नावानिशी आत आला. बहुतेक सवलतींची रेषा ४० टक्क्यांवर आहे. म्हणजे ६९ आणि ७० यांच्यामधल्या एका गुणात ‘काही नाही’ आणि ‘दिव्यांग’ एवढं अंतर आहे. कोडमध्ये हा तक्ता दहा ओळींचा. त्या दहा ओळींना आत येणारा आकडा कसा बनला याच्याशी काही देणंघेणं नसतं.

महाराष्ट्रानं सॉफ्टवेअर आणलं, तेही लवकर. २०१२ पासून प्रमाणपत्रांसाठी राज्याची ‘एसएडीएम’ ही ऑनलाइन प्रणाली होती. नंतर केंद्राचं स्वावलंबन पोर्टल आणि युडीआयडी कार्ड आलं. यामुळे हातानं लिहिलेल्या टक्क्यांतले घोळ आणि बनावट दाखले यांना आळा बसला, हे चांगलंच झालं. पण लंडनमधलं सॉफ्टवेअर मुलाखतीच्या खोलीत आईसमोर चालतं, आपलं सॉफ्टवेअर दाखल्याच्या खिडकीत. आधी जे व्हायचं ते होऊन जातं, मग आकडा त्यात भरतात.

खोलीच्या आत यायचा प्रयत्न आपल्याकडेही झाला, आणि तो मला जास्त दखल घ्यावा असा वाटतो. ‘इन्क्लेन’ या संस्थेनं भारतीय डॉक्टरांना घेऊन दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी ‘आयएनडीटी-एएसडी’ ही मुलाखत बनवली. २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हिच्यात प्रश्नासोबत उदाहरणं लिहिलेली आहेत, आणि आईचं उत्तर व डॉक्टरला दिसलेलं मूल दोन्ही धरायचं असतं. विशेषज्ञ नसलेल्या डॉक्टरलाही वापरता यावी हा हेतू. या संचावर आधारलेल्या पाच ठिकाणच्या पाहणीत, म्हणजे पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा, सुमारे चार हजार मुलं तपासली गेली. पुढे दिल्लीच्या एम्सनं डीएसएम-५ च्या नव्या निकषांप्रमाणे ही मुलाखत बदलली आणि मोबाइल अ‍ॅपमध्येही आणली. दुसरीकडे गोव्यात सुरू झालेली ‘संगाथ’ संस्था, आयआयटी मुंबई आणि ब्रिटनमधले संशोधक यांनी ‘स्टार्ट’ हे टॅबलेटवरचं अ‍ॅप केलं. त्यात पालकांना प्रश्न आहेतच, पण मुलाला खेळही आहेत: फुगे फोडणं, रंग भरणं, पडद्यावर कशाकडे बघतो ते टिपणं. दिल्लीत दोन ते सात वर्षांच्या १३१ मुलांवर ते वापरलं, आणि वापरणारे विशेषज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते.

मग हे काटोलला का नको? मला तर वाटतं इथेच हवं. आजची वाट अशी आहे: प्रमाणपत्राच्या मंडळात बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी माणसं लागतात, ती मिळतात नागपुरात. संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत मजुरीवर जाणाऱ्या बाईला नागपूरची एक फेरी म्हणजे दिवसाची मजुरी, दोघांचं एसटीचं तिकीट, आणि अनोळखी गर्दीत बिथरणारं लेकरू. तिथे तिच्या वाट्याला किती मिनिटं येणार? तेवढ्या वेळात बिस्किटाचा पुडा कसा निघणार? उलट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतंच. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला आणि त्याच्या यादीत ऑटिझम आहे. लांबची मुलाखत अंगणवाडीत, आईच्या भाषेत, घाई न करता झाली आणि तिची नोंद उदाहरणांसकट नागपूरच्या टेबलावर आधीच पोचली, तर तिथल्या तज्ज्ञाला मुलाकडे बघायला वेळ उरेल. निदान तज्ज्ञानंच करावं. विचारण्याचं अर्धं काम मात्र इथे होऊ शकतं, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर चांगला सोबती आहे.

फक्त ते कसं असावं याबद्दल माझी मतं ठाम आहेत, आणि त्यातली बहुतेक या इतिहासातूनच उचललेली. ‘संधीच मिळाली नाही’ हे बटण हवं. ‘पूर्वी करायचा, आता नाही’ हेही हवं, कारण आलेली बोली गेली ही खूण महत्त्वाची असते. प्रत्येक ‘हो’नंतर ‘शेवटचं कधी?’ विचारल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, आणि आईचे शब्द जसेच्या तसे आवाजात साठावेत. बेरीज दिसावी पण विभागवार. उत्तर कोण देतंय याचीही नोंद हवी. आपल्याकडे पुष्कळ घरांत मूल दिवसभर आजीजवळ असतं, आणि सगळ्यात बारीक निरीक्षण तिचंच असतं. पण दवाखान्यात बोलतो बाप.

‘स्वमग्नता’ हा शब्द मुलाखतीत येऊच नये असं मला वाटतं. शब्द चांगला आहे, लेखात शोभतो. पण समोर उच्चारला की आईला डोळे मिटून ध्यानाला बसलेला कुणीतरी आठवतो, आणि ती म्हणते, ‘नाई जी, थो त दिवसभर धावत राह्यते.’ झालं, पुढची उत्तरं त्या शब्दाविरुद्ध दिली जातात. तसंच ‘कल्पनेतले खेळ खेळतो का’ असं विचारलं तर कुणाला काही कळत नाही. भातुकली विचारा, काडीचा ट्रॅक्टर विचारा, बाहुलीला निजवतो का विचारा. बोट दाखवून मागतो की तुमचा हात धरून वस्तूपाशी नेतो, हे विचारा. डोळ्याला डोळा भिडवतो का हा प्रश्नही जपून. मोठ्यांकडे रोखून बघू नये असं जिथे शिकवतात तिथे चार वर्षांची मुलगी खाली बघणारच. मालिन आणि कामत यांनी आपापल्या काळात हेच काम केलं होतं, प्रश्न एकेक करून. ऑटिझमच्या मुलाखतीसाठी ते वऱ्हाडी-नागपुरीत, झाडीबोलीत, गोंडीत एकेक प्रश्न घेऊन करावं लागणार आहे, आणि त्यातला कोड लिहिण्याचा वाटा सगळ्यात छोटा असेल.

ऐकणाऱ्यांत अंगणवाडी सेविका, वाचा उपचार करणारे, विशेष शिक्षक बरेच आहेत हे मला माहीत आहे. तुमच्या गावात ‘नाव घेतल्यावर बघतो का’ आणि ‘लुटुपुटीचं खेळतो का’ हे दोन प्रश्न तुम्ही नेमक्या कुठल्या शब्दांत विचारता, आणि आया काय उत्तर देतात, ते आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. मुलाचं नाव, गाव काही सांगू नका, फक्त प्रश्न आणि उत्तराची तऱ्हा. पुरेसे आले तर पुढचा भाग त्यांवरच करू. भेटू.